स्लॅशरमधला उगाचचा खून ओळखायचा कसा

स्लॅशर, म्हणजे एक खुनी एकेकाला टिपून मारत जातो तो भयपट, बघून झाला की भांडण ठरलेलं. एकजण म्हणतो, "किती ते रक्त, उगाचच!" दुसरा म्हणतो, "स्लॅशर लावलाय ना, मग रक्त नाही तर काय सत्यनारायण असणार?" दोघांचंही खरं असतं, म्हणून भांडण मिटत नाही. 'उगाच' कशाला म्हणायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

मी फोली आर्टिस्ट आहे. पडद्यावर कुणी चालतं, कप ठेवतं, पदर सावरतं, ते सगळे आवाज अंधेरीतल्या एका बंद खोलीत माझ्यासारखं कुणीतरी चित्राकडे बघत पुन्हा करत असतं. पडद्यावर कुणी कुणाला भोसकलं, तर तोही आवाज आम्हीच करतो. सुरा पोटात जाताना काय काय ऐकू यायला हवं, यावर मी इतका विचार केलाय की घरी जेवताना मला कामाचा विषय काढायला बंदी आहे. स्लॅशर मला मनापासून आवडतात. पण त्यातला कुठला खून जागेवर आहे आणि कुठला नुसता भर म्हणून घातलाय, हे मी माझ्या पद्धतीने तपासते. ती पद्धत इथे देते. तुम्हाला लागतील दोनच गोष्टी: रिमोट आणि बरे हेडफोन.

रक्ताचा हिशोब सोडा

टोबी हूपरचा १९७४ चा 'द टेक्सस चेनसॉ मॅसकर' घ्या. नावातच करवत आणि कत्तल. ज्याने पूर्वी कधीतरी पाहिलाय त्याला विचारा, तो रक्ताच्या पाटांबद्दल सांगेल. मग पुन्हा लावून बघा. करवतीने मरतो तो एकटा फ्रँकलिन, व्हीलचेअरवरचा. पॅमला मांसाच्या हुकाला टांगतात तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतो, पण हुक शरीरात शिरताना कुठेही दिसत नाही. दिसतो तो तिचा चेहरा, पायाखालचा टब आणि समोर टेबलावर पडलेला तिचा मित्र. हूपरने रक्त मुद्दामच कमी ठेवलं होतं. आईवडिलांच्या सल्ल्याने पोरांनाही बघता येईल असं पीजी प्रमाणपत्र मिळेल, अशी त्याला आशा होती! मिळालं आर, म्हणजे सतराखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही असं. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९७५ मध्ये प्रमाणपत्रच नाकारलं आणि दिलं ते थेट १९९९ मध्ये.

याच सिनेमातला पहिला खून नीट बघा. कर्क पेट्रोल मागायला त्या घरात शिरतो. बाहेर जनरेटर धडधडतोय. आतल्या दारापाशी तो अडखळतो आणि तेवढ्यात मुखवटा घातलेला धिप्पाड माणूस दारात उभा. डोक्यात हातोडा. कर्क खाली पडतो, अंग थडथडतं. पुन्हा हातोडा. त्याला आत ओढलं जातं आणि लोखंडी सरकतं दार धाडकन बंद होतं. झालं. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भयंकर आवाज त्या दाराचा आहे. त्या क्षणी आपल्याला बाहेर ठेवलं जातं आणि आत काय चाललंय ते आपलं डोकं रचत बसतं.

म्हणजे, रक्ताच्या लिटरांवरून काही कळत नाही. कमी रक्तातही माणूस हादरतो, आणि बादलीभर ओतूनही कधीकधी जांभई येते.

एकदा आवाज बंद, एकदा डोळे बंद

शंका असलेला प्रसंग दोनदा लावा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. बरेच खून इथेच उघडे पडतात: रबराची मान, पुढच्या शॉटमध्ये जागा बदललेला रक्ताचा डाग, मागे उभा राहून वाट बघणारा नट. दुसऱ्यांदा आवाज चालू ठेवून डोळे मिटा आणि स्वतःला विचारा, मी आत्ता कुणाच्या जवळ आहे? मरणाऱ्या माणसाच्या श्वासाजवळ, की मांसाजवळ?

आम्ही हे कसं करतो ते सांगते, म्हणजे कान कुठे लावायचा ते कळेल. भोसकण्याचा आवाज एक नसतो, तीन-चार थरांचा असतो. कापड फाटल्याचा बारीक आवाज, त्यासाठी जुनी चादर. पात्यासाठी कोबीचा घट्ट गड्डा. सुरी खुपसताना एक कोरडा 'खच' मिळतो. ओलेपणासाठी गाडी पुसायचं शॅमी लेदर, पाण्यात भिजवून मुठीत पिळायचं. हाड हवं असेल तर गाजर मोडायचं, नाहीतर अक्रोड टॉवेलात गुंडाळून दाबायचे. माइक अगदी वीतभर अंतरावर. आणि या सगळ्याच्या वर नटाचा किंवा डबिंग आर्टिस्टचा श्वास, हुंदका, घशात अडकलेली हाक. मिक्सिंगच्या वेळी यातलं काय वर ठेवायचं आणि काय खाली दाबायचं, हा निर्णय असतो. श्वास वर असेल तर आपण माणसाबरोबर असतो. कोबी वर असेल तर आपण सुरीबरोबर.

दिग्दर्शक जेव्हा म्हणतात, "अजून ओलं करा," तेव्हा मी एकच बघते, की हे कितव्या वाराला म्हणताहेत. पहिल्या वाराला ओलेपणा मागितला तर ठीक, तो धक्का आहे. पात्र मान टाकून पडलेलं आहे, श्वासाचा ट्रॅक संपलाय आणि तरी पुढच्या वारांना अजून ओलं हवंय, तर ते आता गोष्टीसाठी नाही. घरी बसून तुम्हालाही हे तपासता येतं: श्वास थांबल्यानंतरचे वार मोजा. ते वार खुनी माणसाबद्दल काही सांगत असतील, म्हणजे त्याचा राग, त्याची भीती किंवा त्याचा सुटलेला तोल, तर चालतील. काहीच सांगत नसतील तर ते उगाचचे.

स्लॅशरच्या घराण्याचा मूळ पुरुष, हिचकॉकचा १९६० चा 'सायको', याही परीक्षेत उभा राहतो. शॉवरमधल्या खुनासाठी ७८ कॅमेरा सेटअप आणि ५२ कट, हे आकडे सिनेमाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. सुऱ्याच्या आवाजासाठी प्रॉपवाल्याने वेगवेगळी खरबुजं आणली, हिचकॉकने डोळे मिटून एकेक ऐकलं आणि कसाबा जातीचं निवडलं, हा किस्सा आमच्या धंद्यात फार प्रिय आहे. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. तिथे संगीतच नको असं हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ती किंचाळणारी व्हायोलिनं लिहिली आणि हिचकॉकला ती पटली. डोळे मिटून ऐका: व्हायोलिनं, मरणाऱ्या बाईच्या किंकाळ्या, खरबूज आणि या सगळ्याखाली अखंड पाणी. खून संपतो, पाणी चालूच राहतं.

हेडफोन नसतील, शेजारी झोपले असतील, तर कर्णबधिरांसाठीचे सबटायटल लावा. चौकटी कंसात काय काय लिहून येतंय ते बघा. एकामागून एक 'मांस फाटल्याचा आवाज', 'चिकट आवाज', 'हाड मोडल्याचा आवाज' येत राहिला आणि माणसाचा एकही आवाज आला नाही, तर समजा की मिक्सिंग करणाऱ्याने कुणाची बाजू घेतली होती.

आधी किती, नंतर किती

आता घड्याळ. मरणाऱ्या पात्राला मरण्याआधी सिनेमाने किती वेळ दिला आणि मेल्यानंतर सिनेमा त्याच्यापाशी किती थांबला?

'सायको'मध्ये शॉवरखाली मरणारी मेरियन क्रेन पाऊण तासाच्या आसपास आपल्याबरोबर असते. पैसे चोरते, घाबरते, परत जायचं ठरवते. आणि ती गेल्यावर मोटेलवाला नॉर्मन बराच वेळ, जवळजवळ शब्दाविना, ते बाथरूम साफ करतो. मॉप, बादली, शॉवरचा पडदा, मग गाडीची डिकी आणि दलदल. एका खुनाचं काम किती असतं ते दाखवलेलं आहे.

स्लॅशरमध्ये प्रत्येक पात्राला पाऊण तास देणं शक्य नाही, हे मलाही कळतं. सहा-सात जण मारायचेत, वेळ दीड तास. पण थोडक्यातही जमतं. वेस क्रेव्हनच्या १९९६ च्या 'स्क्रीम'ची सुरुवात बघा. ड्रू बॅरीमोरच्या पात्राला, केसीला, जेमतेम बारा-तेरा मिनिटं मिळतात. पॉपकॉर्न, फोन, खेळीमेळी, मग धमकी. शेवटी ती अंगणात पडलेली, घशातून आवाज फुटत नाही, आणि आईबाप गाडीतून उतरून तिच्यापासून काही पावलांवरून घरात जातात. आई फोन उचलते, आणि रिसीव्हरमध्ये तिला आपल्या मुलीचा शेवटचा श्वास ऐकू येतो. माझ्या लेखी स्लॅशरमधलं ध्वनीचं हे सगळ्यात निर्दय आणि सगळ्यात प्रामाणिक काम. रक्त त्यातही भरपूर आहे. पण त्या मुलीला आई आहे, ही गोष्ट सिनेमा विसरत नाही.

याच्या उलट परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मेलेल्यांची नावं आठवून बघा. एकही आठवलं नाही आणि हत्यारं मात्र सगळी आठवली, तर उत्तर मिळालं.

कॅमेरा कुणाच्या डोळ्यांत बसलाय

जॉन कारपेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोवीन'ची सुरुवात म्हणजे खुनी माणसाच्या नजरेतून चालणारा एक लांबलचक शॉट. घराभोवती फिरतो, स्वयंपाकघरातून सुरा उचलतो, जिना चढतो, मुखवटा चढवतो. मग दोन भोकांतूनच दिसायला लागतं आणि कानात मुखवट्याआडचा श्वास. वार करताना नजर समोरच्या मुलीवरून हटून वर-खाली होणाऱ्या स्वतःच्या हाताकडे जाते. त्यानंतर बाहेर आईबाप मुखवटा काढतात आणि आत निघतो सहा वर्षांचा पोरगा. त्या शॉटमध्ये आपल्याला खुन्याच्या जागी बसवलं खरं, पण लगेच त्या जागेची लाजही वाटायला लावली. बाकी सिनेमात रक्त नावापुरतं.

नंतरच्या कित्येकांनी नुसती नजर उचलली. कारण स्वस्त पडतं: खुनी दाखवावा लागत नाही, रहस्य टिकतं, आणि झुडपातून मुलींकडे बघत राहता येतं. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर इबर्ट या अमेरिकी समीक्षकांनी टीव्हीवर एक अख्खा भाग याच तक्रारीवर केला, की हे सिनेमे प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या जागी बसवतात आणि समोर बाई उभी करतात. पण त्याच इबर्टने 'हॅलोवीन'ला चार तारे दिले होते, आणि त्या भागातही दोघांनी तो सिनेमा वेगळा काढला. मला हे महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तक्रार तंत्राबद्दल नव्हती, वापराबद्दल होती. पुढे कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७ च्या निबंधात त्याला दुसरी बाजू जोडली: प्रेक्षक शेवटपर्यंत मारेकऱ्याबरोबर राहत नाही, तो सरकत सरकत त्या शेवटच्या जिवंत मुलीकडे येतो, मग बघणारा पुरुष असला तरी. तिने त्या मुलीला 'फायनल गर्ल' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

तेव्हा बघताना हे करा: कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून कधी बाहेर पडतो ते टिपा. पडतच नसेल तर सावध. आणि एक रोखठोक हिशोबही करा, पुरुष किती सेकंदांत मरतात आणि बायका किती सेकंदांत. इथे घड्याळ खोटं बोलत नाही.

उगाच, पण चालेल

आता माझ्याच पद्धतीला मी एक सूट देते. १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये कोवळा केव्हिन बेकन बंकवर आडवा पडलाय. कपाळावर वरून रक्ताचा थेंब पडतो, तो बोटाने बघतो, तेवढ्यात खाटेखालून एक हात येऊन त्याचं कपाळ दाबून धरतो आणि गळ्यातून बाणाचं टोक वर येतं. वरच्या सगळ्या परीक्षांत हा नापास. पात्राला आधी फारसं काही नाही, नंतर कुणी थांबत नाही. पण तो बघताना मला तसूभरही घाण वाटत नाही. कारण ती हातचलाखी आहे. ती करणारा मेकअप इफेक्ट्सवाला टॉम सॅविनी व्हिएतनाममध्ये लष्कराचा छायाचित्रकार होता. खऱ्या जखमा त्याने बघितलेल्या. बेकन खरा खाटेखाली गुडघ्यांवर, डोकं तेवढं भोकातून वर, मान आणि छाती नकली. ऐन शॉटमध्ये रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा सहायकाने ती तोंडात धरून फुंकली आणि म्हणून रक्त असं उसळून आलं. घातक काहीच नाही, मजा सगळी 'हे केलं कसं' यात. सर्कशीत बाईला पेटीत घालून कापतात तेव्हा आपण पोलीस बोलवत नाही, तसंच हे. शॉट छोटा आहे, हेही महत्त्वाचं. जादू ताणली की मरते.

आणि जिथे माझा हात रिमोटवर जातो

डेमियन लिओनचा 'टेरिफायर' (२०१६) तरुण पोरांत फार चालतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. लिओन स्वतः मेकअप इफेक्ट्सवाला आहे आणि कारागिरी अव्वल आहे, यात वाद नाही. त्याचा आर्ट द क्लाऊन तोंडातून आवाजच काढत नाही. 'हॅलोवीन'मधल्या खुन्याचा, मायकल मायर्सचा, निदान श्वास तरी ऐकू येतो. इथे तोही नाही. ध्वनीच्या बाजूने याचा परिणाम असा, की खून चालू असताना ऐकू येतं ते दोनच: बळीचं ओरडणं आणि हत्यार. मारणारा माणूस कानाला खोलीत नाहीच. करवतीचा तो प्रसिद्ध प्रसंग, ज्यात एका तरुणीला नग्न करून उलटं टांगलेलं आहे, वरच्या प्रत्येक परीक्षेला लावून बघा. मेल्यानंतरही काम चालू राहतं. तिच्याबद्दल आपल्याला माहीत काय, तर ती प्यायलेली आहे आणि विनोद करते. पुरुष तुलनेने झटपट सुटतात. मैत्रीण बांधलेली, बघायला भाग पाडलेली. प्रेक्षकाची जागा ती, आणि तिलाही सिनेमा पुढे किरकोळीत संपवतो. हा उगाचचा खून.

गंमत म्हणजे लिओनने टीका ऐकली. २०२२ च्या दुसऱ्या भागात सिएना नावाची खरी नायिका आहे, तिला घर आहे, आई आहे, धाकटा भाऊ आहे. सिनेमा १३८ मिनिटांचा झाला, स्लॅशरच्या मानाने अवाढव्य. ती असते तेवढा वेळ मी खिळून बसते. बेडरूममधला तो कुप्रसिद्ध खून मात्र अर्ध्यावर थांबवला असता तर दुप्पट लागला असता. मीठ येतं तिथे मी पुढे ढकलते.

कुठली प्रत बघताय?

हे तपासल्याशिवाय निकाल देऊ नका. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हा १९८१ चा कॅनडातला खाणकामगारांचा स्लॅशर अमेरिकी प्रमाणपत्रासाठी इतका कापला, की कित्येक वर्षं लोकांनी बिनरक्ताचे खूनच बघितले. कापलेला काही भाग २००९ मध्ये परत जोडला गेला. आपल्याकडे सेन्सॉरसाठीच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरर्थक आणि टाळता येण्यासारखी हिंसा नको असं आहेच, शिवाय मुख्यतः करमणुकीसाठी घातलेली हिंसाही नको असं आहे. हे अक्षरशः लावलं तर स्लॅशर नावाचा प्रकारच शिल्लक राहत नाही! कात्री लागलीय का हे कानाने कळतं: पार्श्वसंगीताचा ठेका अचानक उडी मारतो, किंवा किंकाळी मध्येच तुटते आणि पुढच्या शॉटची शांतता धपकन येते. तसं झालं तर दोष दिग्दर्शकाचा धरू नका.

घरातली पोरं विचारतात तेव्हा

माझा भाचा सोळाचा आहे. "मावशी, टेरिफायर बघू का? वर्गात सगळ्यांनी बघितलाय." ताई नाही म्हणाली, मग तो माझ्याकडे आला. पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या यूए प्रमाणपत्राच्या आता ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या झाल्यात, त्या बघाव्यातच. 'ए' म्हणजे 'ए', फक्त प्रौढांसाठी. पण नुसतं नाही म्हटलं की पोरं मोबाइलवर तुकडे बघतात आणि तुकडे हे सगळ्यात वाईट. आधी-नंतर सगळं कापलेलं, उरतो फक्त खून. म्हणून मी त्याला आधी स्टुडिओत नेलं, हातात सुरी आणि कोबी दिला आणि "अजून ओलं कर" म्हटलं. तासभर तो शॅमी पिळत होता. मग 'सायको' लावला, डोळे मिटून. नंतरच्या आठवड्यात 'हॅलोवीन' बघायचं ठरलंय, ताईला विचारून. टेरिफायर अठरानंतर, त्याचा तो.

मित्रमंडळी जमवून बघणार असाल तर आधी सरळ विचारा, कुणाला काय बघवत नाही. डोळ्याला इजा, गळा, लहान मुलं, प्राणी, बलात्कार. प्रत्येकाचं वेगळं असतं. जो उठून आत जाईल त्याला चिडवायचं नाही. आणि जेवण आधी उरकून घ्या. कोबीची भाजी त्या दिवशी नको.